कपलिंगवरची टोपी

पेडगाव फाट्यावरच्या माझ्या वर्कशॉपात मी उघड्या डोक्यानं दिसलो, तर जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरच थांबतात. कुणी हाक मारत नाही, कुणी चहा विचारत नाही. एकदा माझे साडू लग्नाची पत्रिका घेऊन आले, तेव्हा मी उघड्या डोक्यानं होतो. बाकीच्यांनी त्यांना अडवून निंबाखाली बसवलं. वीस मिनिटं बसले बिचारे, आणि नंतर माझ्या बायकोकडं जाऊन म्हणाले, "फौजी लय माजलाय." माजलोय हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण टोपीचं कारण वेगळं आहे.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून लढाईच्या आठवणी पाहिजे होत्या. मी त्यांना फोनवरच सांगितलं, साहेब, मी बावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढली आणि शत्रू म्हणून फक्त गंज पाहिला. गोळी चालवली ती सरावापुरती. ट्रेलरची कपलिंगं मात्र इतकी खोलली की झोपेत हात लावला तरी कुठली आहे ते सांगेन. ते म्हणाले, मग त्याचंच लिहा. बहुतेक वैतागून म्हणाले असतील, पण मी ते मनावर घेतलं. गाव मला सुभेदार म्हणतं, तेही इथंच सांगून टाकतो. मी निवृत्त झालो हवालदार म्हणून. पुढची बढती गावानं दिली आणि ती मी परत केली नाही.

आता धंद्याचं सांगतो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढचा भाग सोडून द्यावा. ज्यांना आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, त्यांनी मात्र जरूर वाचावा.

आपल्याकडं ट्रॅक्टरच्या मागं जी ट्रॉली असते तिला ब्रेक नसतो. लष्कराच्या जुन्या ट्रेलरला असतो, आणि तो लावायला माणूस लागत नाही. बैलगाडी उताराला लागली की गाडीचा भार पुढं येतो, जू बैलांच्या मानेवर चढतं. तोच रेटा इथं कामाला लावलेला आहे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला कपलिंग असतं. त्यात मनगटाएवढा जाड दांडा एका नळीत मागंपुढं सरकतो. पुढचा ट्रॅक्टर थांबायला लागला की मागचा ट्रेलर रेटत येतो, दांडा चार बोटं आत जातो, आत गेला की तरफ ढकलतो, तरफ सळई ओढते आणि सळई चाकांचे ब्रेक लावते. जेवढा रेटा जास्त तेवढा ब्रेक जास्त. आत स्प्रिंग आणि तेलाचा डॅम्पर असतो, त्यामुळं हे सगळं दणका न बसता दाबत दाबत होतं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी ज्यानं हे शोधलं त्याला मनातल्या मनात सलाम ठोकला होता.

याला एकच खोड. ट्रेलर मागं घ्यायचा झाला की ट्रॅक्टर त्याला रेटणार, दांडा आत जाणार आणि ब्रेक लागणार. तुम्ही मुद्दाम रेटताय का ट्रेलर उतारावरून येतोय, हे त्या लोखंडाला काय कळतंय! म्हणून कपलिंगवर एक खटका असतो. तो खाली पाडला की दांडा आत जात नाही आणि ट्रेलर मुकाट मागं जातो. मागं घेऊन झालं की खटका वर करायचा. विसरलात, तर पुढं जाताना ट्रेलरला ब्रेक नाही. सपाट रस्त्यावर हे तुम्हाला कळणार नाही. उतारावर कळेल.

पूर्णेच्या एका डीजेवाल्याला मात्र खटका आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं लष्कराचा जनरेटरचा जुना ट्रेलर लिलावात घेतला होता. त्याला गुलाबी रंग दिला, चारी बाजूंनी लाइटी लावल्या, आणि तीन लग्नं अशी वाजवली की ट्रेलर मांडवाजवळ आला की खाली उतरून आठ माणसांनी तो उचलून फिरवायचा. मला फोन केला तेव्हा म्हणाला, "सुभेदार, ट्रेलर मागं जाईनाच. चाकं जाम व्हायलेत. बेअरिंग बदललं, टायर बदललं, लिंबू-मिरची बी बांधली." मी गेलो. आधी चहा घेतला. मग सगळी वरात जमलेली बघून कपलिंगपाशी वाकलो, एका बोटानं खटका पाडला आणि म्हणालो, "घ्या मागं." ट्रेलर सरसर मागं गेला. आठ माणसं माझ्याकडं बघत होती, आणि त्यातला एक जण कंबर धरून होता. डीजेवाला म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय?" मी म्हणालो, एवढंच नाही, आता दुसरा अर्धा भाग ऐक. आणि खटका वर कसा आणि कधी करायचा हे त्याच्याकडून मी अकरा वेळा करून घेतलं. वरात तापली, नवरदेवाचा मामा शिव्या द्यायला लागला, पण मी सोडलं नाही. इतकं का ताणलं, ते टोपीशी जोडलेलं आहे.

टोपीची रीत उस्तादांची. आमचे उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते हवालदार, उत्तरेकडचे होते. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते ओरडून. त्यांनी वर्कशॉपात एक नियम घातला होता. जो खटका खाली पाडेल, त्यानं आपली टोपी काढून कपलिंगवर ठेवायची. खटका वर करून मोठ्यानं "खटका ऊपर!" म्हणायचं, ड्रायव्हरनं तेच परत म्हणायचं, मगच टोपी डोक्यावर. ज्यानं पाडला त्यानंच वर करायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फौजेत उघडं डोकं अर्ध्या मैलावरून दिसतं. उस्तादांना मैदानात कुठंही उघडं डोकं दिसलं की ते विचारायचे, "कहाँ छोड़ के आया?" नियम कागदावर कुठंच नव्हता, पण त्यानं किती माणसं वाचवली असतील!

एक माणूस मात्र त्यानं वाचवला नाही, कारण मी मध्ये आलो.

डोंगरातली चौकी होती. पाण्याचा ट्रेलर मागं घेऊन टाकीखाली लावला. खटका मी पाडला, टोपी कपलिंगवर ठेवली. पाणी भरायला लागलं आणि तेवढ्यात मोठे साहेब आले. अचानक आले, चालत आले. फौजेत उघड्या डोक्यानं सलाम करत नाहीत, सावधान उभं राहतात. पण ड्यूटीवर उघड्या डोक्यानं दिसणं हाच मुळात गुन्हा. मी घाबरलो. टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि कडक सलाम ठोकला. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, "शाबास" म्हणाले, गेले. मी इतका फुगलो होतो की काही विचारू नका. गाडी निघायची वेळ झाली, उस्ताद ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्याकडं पाहिलं. टोपी होती. मीही स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला. टोपी होती, म्हणजे खटका वर असणार, असं मीसुद्धा धरून चाललो. पहिल्याच वळणावर भरलेल्या ट्रेलरनं गाडीला मागून रेटलं आणि गाडी कपारीवर आदळली. उस्तादांचा उजवा हात दारात सापडला. दोन बोटं गेली.

चौकशीत उस्ताद म्हणाले, "चेक करना मेरा काम था." एवढंच. माझं नावही घेतलं नाही. दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी बसलो, तर मला म्हणाले, "आगे से साहब आए तो नंगे सिर खड़ा रहना. सज़ा मिले तो मिले." नंतर ते पाच वर्षं तीन बोटांनी काम करत राहिले. उतार उतरून गाडी खाली आली की ब्रेकच्या दोन्ही ड्रमना त्याच हाताची पालथी बाजू लावून बघायचे. दोन्ही सारखेच कोमट असले तर काम नीट, एक गरम एक गार असलं तर परत खोला. पुढं ते निवृत्त होऊन गावी गेले आणि तिकडंच वारले. "उस्ताद, चूक माझी होती," हे वाक्य मी त्यांच्यासमोर कधीच बोललो नाही. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मग बोलायचं कशाला, असं तेव्हा वाटलं. बोलायला पाहिजे होतं.

आता विमलचं सांगतो.

वालूरच्या पलीकडं, जिंतूरच्या अंगाला जमीन जरा उठते. बाकी आमचा मुलूख परातीसारखा सपाट, त्यामुळं तिकडची माणसं त्या उठलेल्या जमिनीला डोंगरच म्हणतात. तिथं एक वाडी आहे. वर माळावर बोअर आणि टाकी, खाली वाडी, मधे अर्ध्या मैलाचा तिरपा उतार. तिथल्या बायकांच्या बचत गटानं लष्कराचा पाण्याचा जुना ट्रेलर घेतला होता. उन्हाळ्यात वाडीला पाणी, एरवी बांधकामांना आणि लग्नकार्यांना. ट्रॅक्टर विमलच्या नवऱ्याचा, सुदामचा. विमल गटाची सचिव. वय चाळिशीचं, दोन लेकरं परभणीला कॉलेजात.

ती पहिल्यांदा आली ती एस.टी.नं, हातात मोबाइल घेऊन. मी नेमका उघड्या डोक्यानं होतो, टोपी हातातल्या अर्धवट कामावर ठेवलेली. लोकांनी तिला थांबवलं, तर ती तशीच आत आली आणि म्हणाली, "जयभीम काका. मला साडेतीनची गाडी हाय परतायला. तुमच्या डोक्याचं नंतर बघू."

माझ्याशी असं बोलणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं. मी हातातलं काम उरकलं, टोपी घातली आणि मोबाइल बघितला. फोटोत कपलिंग होतं. आणि दांडा जिथं नळीत शिरतो तिथं गोल, जाड, मुंग्यांच्या वारुळासारखं वेल्डिंग.

"कुण्या गाढवानं मारलं हे वेल्डिंग?" मी ओरडलो.

"गफूरभाईनं. पर त्यास्नी आमीच सांगितलं. लय ठोकायलं व्हतं ते, ठक ठक. गाडी थांबली की मागून दणका. सारी वाडी म्हणायली, आवाज बंद करा. म्हून बंद केला."

आवाज बंद झाला आणि ब्रेकही बंद झाला. दांडा आत जाणारच नाही, तर ब्रेक लागणार कशानं? खटका कायमचा खाली पाडून ठेवावा, तसं ते झालं होतं. त्यानंतर दीड महिन्यानं भरल्या ट्रेलरनं उतारावर ट्रॅक्टरला रेटलं. ट्रॅक्टर आडवा झाला, ट्रेलर नाल्यात गेला आणि सुदामचा पाय दोन ठिकाणी मोडला. आता तो काठी घेऊन चालत होता, ट्रॅक्टर चालवणं बंद. ट्रेलर भंगारात द्यायचं गटात ठरत आलेलं. विमलनं एवढंच मागून घेतलं होतं, की एकदा दुरुस्त करून बघू द्या. ट्रॅक्टर मी चालवते. साऱ्या वाडीच्या डोळ्यादेखत भरला ट्रेलर उतारानं खाली आणते. आला तर ठेवायचा, न्हाई आला तर भंगारवाल्याला बोलवा.

"आणि न्हाई आला तर तुझं काय होईल, ते कळतंय का तुला?" मी विचारलं.

"म्हून तर तुमच्याकडं आले," विमल म्हणाली. "सुदामचा पाय गेला तवा मी वर टाकीपाशी व्हते, काका. माझ्या डोळ्यासमोर गेला ट्रेलर. ते लोखंड आमचंच हाय, अन् चूक बी आमचीच. भंगारात दिलं तर काय शिकलो आमी?"

मी त्या बाईला चहा पाजला. माझ्या वर्कशॉपात चहा मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक ते.

ट्रॅक्टरसकट ट्रेलर आला. गफूरभाई वेल्डर त्याच्याबरोबरच आले, कान धरून. साठीचा माणूस, हातात सोन्यासारखी कला, फक्त जे सांगाल ते जोडून टाकतो. म्हणाले, "क्या करूं सुभेदार, बाईलोगां बोले आवाज बंद करो, मैं कर दिया. मेरे कू क्या मालूम ये हिलने का चीज है."

मी म्हणालो, "तुम्हीच जोडलं, तुम्हीच कापा." आणि खरं सांगतो, ते वेल्डिंग त्यांनी ग्राइंडरनं असं उतरवलं की नळीला ओरखडा नाही. मी असतो तर दोन ठिकाणी घासलं असतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, आता इथं वाचतील.

पण वेल्डिंग निघालं म्हणून दांडा निघाला नाही. आत वर्षानुवर्षं ग्रीस नव्हतं. गंजानं दांडा आणि नळी एकजीव झाली होती. चार दिवस डिझेल पाजलं, शेक दिला, ठोकलं, पुन्हा पाजलं. पाचव्या दिवशी सकाळी दांडा केसभर हलला. मी आणि गफूरभाई दोघंही म्हातारे, पण असे ओरडलो की समोरच्या हॉटेलातली माणसं पळत आली, त्यांना वाटलं जॅक सुटला. संध्याकाळपर्यंत दांडा बाहेर. आतली बुशं, म्हणजे ज्यांत दांडा सरकतो ती पितळी कडी, झिजून चंद्रकोरीसारखी झाली होती. मूळ ठक ठक त्यांचीच. बुशं बदलली असती तर ना वेल्डिंग लागलं असतं, ना सुदामचा पाय मोडला असता. परभणीला लेथवर नवी करून आणली. डॅम्परचं तेल कधीच गळून गेलं होतं. त्याची सीलं कुठं मिळणार! ट्रॅक्टरच्या लिफ्टची सीलं घेऊन बघितली, जराशी घासून बसवली, बसली. ट्रॅक्टरचा हूकही खाली होता, त्यामुळं ट्रेलर नाक खुपसून चालायचा आणि दांडा तिरपा अडकायचा. गफूरभाईंनी हूक चार बोटं वर उचलून दिला. चांगलं वेल्डिंग कुणाला दाखवायचं झालं तर मी ते दाखवतो.

विमल रोज साडेतीनच्या आत येऊन जायची. तिला मी ट्रेलर मागं घ्यायला शिकवला, कालव्याच्या पुलाचा चढउतार आधी रिकाम्या, मग अर्ध्या भरलेल्या ट्रेलरनं करायला लावला. आणि टोपीचा नियम शिकवला. ती म्हणाली, "मी काय ठिवू? माझी टोपी कुठाय?" मी सांगितलं, गळ्यात दस्ती बांध. दस्ती म्हणजे आमच्याकडं रुमाल. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात लालभडक दस्ती बांधून आली. खटका पाडला की दस्ती कपलिंगवर, वर केला की गळ्यात. उस्तादांची, त्यांच्या बोटांची सगळी गोष्ट तिला सांगितली. फक्त तो खटका विसरणारा जवान कोण होता, ते सांगितलं नाही. "एक जवान होता," म्हणालो. तिनं विचारलं, "मंग त्या जवानाचं काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. पेन्शन मिळाली त्याला."

परीक्षेचा दिवस उजाडला, तर वाडीनं त्याचा समारंभ करून टाकला होता. माळावर टाकीपाशी मांडव, माइक, तालुक्याहून एक साहेब पाहुणे, ट्रेलरला हार. खाली उताराच्या पायथ्याला साऱ्या बायका घागरी घेऊन रांगेनं उभ्या, लेकरं दगडांवर बसलेली, सुदाम काठी टेकून सगळ्यांच्या पुढं. मी पोहोचलो तर विमल ट्रेलर टाकीच्या नळाखाली मागं घ्यायच्या तयारीत होती. मी म्हणालो, थांब, आजच्या दिवशी खटका मी पाडतो. मान माझा. खटका पाडला, टोपी कपलिंगवर ठेवली. ट्रेलर नळाखाली लागला, पाणी सुरू झालं. ट्रेलर जरा पुढं ओढल्याशिवाय खटका मोकळा होत नाही, रेट्यानं घट्ट बसतो. म्हटलं, भरल्यावर निघताना वर करू.

तेवढ्यात मला मांडवात ओढलं. शाल दिली, नारळ दिला, आणि गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, सुभेदारांचं डोकं उघडं बरं दिसत न्हाई. केशरी फेटा आणला होता. दोघांनी धरून बांधला. मी मान हलवली नाही, कारण साहेब बघत होते आणि फोटो निघत होते. तिकडं गफूरभाईंनी बघितलं की ट्रेलरचा हार सारखा करताना माझी टोपी चुरगळायलीय, तर त्यांनी आदबीनं ती उचलली आणि आपल्या पिशवीत ठेवली. पाणी भरलं. साहेबांनी हिरवी झेंडी घेतली. माइकवरून कुणीतरी म्हणालं, आता सुभेदारांनी इशारा करावा. आणि मी, बावीस वर्षं कपलिंगांत घालवलेला माणूस, डोक्यावर फेटा घेऊन, हात वर करून ओरडलो, "चल विमल, होऊ दे!"

विमलनं माझ्याकडं बघितलं. मग इंजिन बंद केलं.

मांडवात कुजबुज झाली. साहेबांची झेंडी अर्ध्यावर थांबली. कुणीतरी म्हणालं, "भ्यायली वाटतं." विमल सीटवरूनच ओरडली, "काका, तुमची टोपी कुठाय?"

"अगं, फेटा हाय की डोक्यावर!" मी म्हणालो.

"फेटा न्हाई इचारला मी. टोपी कुठाय?"

मी डोक्याला हात लावला, हाताला फेटा लागला. तसाच ट्रेलर, तसंच पाणी, तसेच साहेब, आणि डोकं पुन्हा झाकलेलं. खाली घागरींची रांग उभी होती. मी पळालो. या वयात, शाल सांभाळत पळालो. कपलिंगपाशी वाकलो. हाराच्या खाली खटका होता. खाली पाडलेला.

विमल उतरून माझ्याजवळ आली होती. तिनंही बघितलं. तिचा हात खटक्यापासून वीतभर लांब होता, पण तिनं लावला नाही. हळूच म्हणाली, "ज्यानं पाडला त्यानंच वर करायचा. तुमीच सांगितलंत."

मी फेटा काढला. साऱ्या वाडीसमोर, साहेबांसमोर, उघड्या डोक्यानं उभा राहिलो. म्हणालो, "जरा पुढं घे. बोटभर." ती ट्रॅक्टरवर चढली, इंजिन लावलं, ट्रॅक्टर बोटभर पुढं सरकला, खटका सैल झाला. मी तो उचलला आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "खटका वर!"

"खटका वर!" विमल ओरडली. आणि तरी हलली नाही. गफूरभाईंनी पिशवीतून टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, तेव्हा कुठं तिनं गिअर टाकला.

ट्रेलर उताराला लागला. मी कपलिंगशिवाय काही बघत नव्हतो. दांडा हळूहळू आत सरकला, सळई ताणली, चाकांनी पकड घेतली. ठक नाही, दणका नाही. मधोमध, जिथं मागच्या वर्षी ट्रॅक्टर आडवा झाला होता, नेमकं तिथं विमलनं ट्रॅक्टर थांबवला. सांगितलं नव्हतं कुणी तसं. भरला ट्रेलर मागं गरीब गाईसारखा गप उभा राहिला. ती पाच-सहा श्वास तिथं तशीच थांबली, मग सावकाश खाली गेली. वाडीत जो कल्ला उठला! घागरी वाजायला लागल्या, लेकरं ट्रेलरमागं पळाली, आणि गफूरभाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागले, "सुभेदार, हिलने का चीज हिली!"

भंगारवाल्याचं नाव त्या दिवसानंतर वाडीत कुणी काढलं नाही.

माइकवाल्यानं माइक माझ्या तोंडापाशी आणला आणि म्हणाला, दोन शब्द बोला. मी दोनच वाक्यं बोललो. म्हणालो, "आत्ता खटका मी विसरलो होतो, विमलनं ओळखलं. आणि फौजेत माझ्या उस्तादांची दोन बोटं गेली, तेव्हाही खटका मीच विसरलो होतो." साहेबांना काही उमगलं नसेल. पण तो आवाज उतारानं खाली गेला, आणि खालून विमलनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग तिनं दोनदा हॉर्न वाजवला.

मी माइक परत दिला, फेटा गफूरभाईंच्या हातात ठेवला आणि उतारानं चालत खाली गेलो. बायका नळाला लागल्या होत्या. सुदाम ट्रेलरला टेकून उभा होता. मी वाकून उजव्या हाताची पालथी बाजू आधी या ड्रमला लावली, मग त्या ड्रमला. दोन्ही सारखेच कोमट होते.